ससा फुकट नसतो

‘एक वर्षाचा गोंडस ससा पिंजऱ्यासकट फुकट द्यायचा आहे. फक्त खऱ्या प्राणीप्रेमींनीच संपर्क साधावा.’

हा मेसेज पुण्या-मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतत फिरत असतो. खाली बदाम पडतात, हात जोडले जातात. कुणीतरी लिहितं, ‘माझ्या मुलीला हवाच होता.’ ससा रिक्षातून नव्या घरी जातो आणि देणारा ‘चांगलं घर मिळालं’ म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. सगळा मामला दानधर्मासारखा दिसतो. माझ्या मते तो काखा वर करण्याचा प्रकार आहे, आणि आपण त्यावर टाळ्या वाजवतो.

मी स्वतः असे ससे घरी घेते. देणारे लोक क्रूर नसतात. ते ससा आवडीने आणतात, त्याला नाव ठेवतात, रील काढतात. मग कारणं सुरू होतात. मुलाची दहावी आहे. आजींना ॲलर्जी आहे. वास येतो. चार्जरच्या वायरी कुरतडतो. कुणाची खरोखरच नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरी मोठं आजारपण आलेलं असतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ससा आणायच्या आदल्या दिवशीही माहीत असलेल्या कारणांशी. दहावी कधी येणार हे कॅलेंडर बघून कळतं. आणि कुरतडणं हा सशाचा दोष नाही. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला त्याला दिवसभर गवत चावत बसावं लागतं.

पण गवताचं त्याला विकणाऱ्याने सांगितलेलंच नसतं. दुकानात काही शे रुपयांत ससा, गुलाबी पिंजरा आणि रंगीत दाण्यांची पिशवी मिळते. वर सल्ला मिळतो, ‘गाजर द्या, बाकी काही लागत नाही.’ खरं तर गाजर हा गोड खाऊ आहे, अधूनमधून एखादा तुकडा पुरे. सशाच्या पोटाला मुख्यतः वाळलेलं गवत लागतं, सोबत दूर्वा आणि थोडा पाला. त्याला उलटी करता येत नाही. तो दहा-बारा तास काही खात नसेल तर सकाळपर्यंत वाट बघू नये, लगेच डॉक्टर गाठावा. आणि सशाचं दुखणं ओळखणारा डॉक्टर कोपऱ्यावर मिळत नाही. कुत्र्यांवर सर्रास मारला जाणारा फिप्रोनिलचा गोचिडांचा फवारा सशाचा जीव घेऊ शकतो. पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिनसारखं साधं अँटिबायोटिकही घेऊ शकतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या बाल्कनीत ठेवलेला ससा उष्माघाताने मरतो, कारण त्याला घाम येत नाही. एवढं सांभाळलं तर तो आठ ते बारा वर्षं जगतो. म्हणजे पहिलीतल्या मुलासाठी आणलेला ससा त्याच्या बारावीपर्यंत घरात असू शकतो.

शिवाय ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून दिलेली जोडी असते. लहान पिल्लांमधला नर-मादी फरक चटकन कळत नाही. चार-पाच महिन्यांत ती वयात येतात, गाभण राहिल्यापासून महिनाभरात पिल्लं होतात, आणि व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दोनाचे दहा झाले की ‘फुकट’चा मेसेज निघतो.

काही लोक मेसेजही टाकत नाहीत. ते ससा टेकडीवर नेऊन सोडतात आणि ‘निसर्गात मोकळा केला’ म्हणतात. यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससा हा एकच शब्द वापरतो. माळावर दिसणारा तपकिरी ससा इथला रानटी प्राणी आहे. त्याची पिल्लं उघड्यावर, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात. तुमच्या घरातला ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा वंशज आहे. त्याची पिल्लं आंधळी आणि उघडीनागडी जन्मतात. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला हा पांढराशुभ्र जीव टेकडीवर सोडणं म्हणजे कुत्र्यांपुढे आणि घारींपुढे ताट वाढणं. प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. वडापाव आणि चहाच्या पैशात सुटका. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. पण ससा घेताना किती जण ती नोंदणी बघायला मागतात?

कायदा स्वस्त आहे, म्हणून निदान आपण ससा स्वस्त करू नये. माझी मागणी एवढीच आहे: ससा फुकट देऊ नका आणि फुकट घेऊ नका.

देणाऱ्याने नसबंदीचा खर्च उचलावा. नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो, त्यामुळे हा काही वरचा थाटमाट नव्हे. पैसे खरंच नसतील तर वेळ द्यावा: डॉक्टरकडे न्यावं, महिनाभर गवत आणून द्यावं. सशाचं खरं वय, खरं दुखणं आणि खरं खाणं लिहून द्यावं. आणि वर्षभराने दुसरं पिल्लू आणू नये. विकणाऱ्याने नफा कमावला, तुम्ही हौस भागवली. मग बिल तिसऱ्यानेच का भरायचं?

घेणाऱ्यालाही प्रश्न विचारायला हवेत. मेच्या दुपारी ससा कुठे बसणार? वायरी झाकल्या आहेत का? गणपतीला गावी गेलात की त्याच्याकडे कोण बघणार? ‘मुलीला हवाय’ हे उत्तर नव्हे, सशाचा पहिला फेरा त्याच वाक्याने सुरू झालेला असतो. आणि आमच्यासारख्यांनीही स्वतःला विचारावं. अनोळखी ससे एकत्र सोडले तर एकमेकांना फाडतात, त्यांची ओळख करून द्यायला कित्येक आठवडे जातात. दोन खोल्यांत पंधरा ससे कोंबणारा दयाळू माणूसही शेवटी अयोग्य मालकच असतो. जागा संपली की ‘नाही’ म्हणणं आणि दुसरं घर शोधायला मदत करणं, हीसुद्धा जबाबदारीच आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: एवढ्या अटी घातल्या तर लोक गुपचूप टेकडी गाठतील. भीती खरी आहे. म्हणून अट सशाच्या वाटेत आडवी घालायची नाही. जीव धोक्यात असेल तर आधी ससा घरात घ्यायचा, बोलणं नंतर. पण ते नंतरचं बोलणं आपण कायमचं गिळून टाकतो, कारण वाईटपणा नको असतो. ‘काही हरकत नाही, होतं असं’ म्हणत आपण माणसाला मोकळं करतो आणि तो पुन्हा त्याच दुकानासमोर उभा राहतो. दुकानदाराला नको झालेला माल उचलणारी फुकटची माणसं मिळाली, तर त्याने विकणं का थांबवावं?

मुलांना जबाबदारी कळावी म्हणून ससा आणला, असं पालक सांगतात. मग तो देतानाही मुलाला खरं सांगा. ‘तो मोठ्या बागेत राहायला गेला’ अशी गोष्ट रचू नका. त्याला सांगा की आपल्याला जमलं नाही, दुसरं कुणीतरी आता ते करतंय, आणि त्याचा खर्च आपण देणार आहोत. दर महिन्याला पैसे पाठवताना मुलाला शेजारी बसवा.