उभ्या भिंतीचं कुणी ऐकेल का?

मोझरीहून समुद्र पाहायचा तर सबंध महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तरी मंडळी, आज लिहायचंय ते समुद्राकाठच्या भिंतीबद्दल. कारण ताईचं सासर देवबागचं, मालवण तालुक्यातलं. एकीकडे कर्लीची खाडी, दुसरीकडे अरबी समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. घरामागची जांभ्या दगडाची भिंत दर पावसाळ्यात थोडी खचते. डागडुजीचा अर्ज दोन पावसाळे या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय.

"आपल्याच भिंतीला परवानगी कशाला?" असं नातेवाईक विचारतात. मला ते पटत नाही. भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याची जमीन जास्त कापली जाते. १९९१ साली सीआरझेडची पहिली अधिसूचना निघाली, ती काही उगाच नाही.

माझं भांडण वेगळं आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार जुन्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती, आकार न वाढवता, करता येते. धूप रोखायचे उपायही मंजुरी घेऊन करता येतात. मग अडतं कुठे? भरती-ओहोटीमधला पट्टा वेगळ्या वर्गात मोडतो. म्हणजे घर एका वर्गात आणि भिंतीचा पाया दुसऱ्या! समुद्र जितका आत येतो, तितके कागद वाढतात. ज्याला घाई जास्त, त्याचीच फाइल जाड. हा कुठला न्याय?

सरकारला पावसाळा कधी येतो ते ठाऊक नाही, असंही नाही. दरवर्षी १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बरोबर बंद होते. मग भिंतीच्या अर्जालाच तारीख का नसावी? ऑक्टोबरात अर्ज, जानेवारीअखेर लेखी उत्तर. 'नाही' म्हणायचं तर म्हणा, पण कारण द्या. आणि घरोघरी वेगळी मोजणी कशाला? अख्ख्या वाडीची एकदाच पाहणी करा. समुद्र सातबारा पाहून जमीन कापत नाही.

राष्ट्रसंतांनी १९३५ साली आमच्या मोझरीत गुरुकुंज आश्रम उभा केला. गावाचं काम गावानं करावं, हे इथे लहानपणापासून कानावर पडतं. ताईच्या वाडीतली माणसंही घमेली घेऊन तयार आहेत. त्यांना अनुदान नको, उत्तर हवं.

घर पडलं की पंचनाम्याला साहेबांची जीप येते. तीच जीप भिंत उभी असताना यावी, एवढंच मागणं आहे.