साताऱ्याचा घाट आणि आम्ही

‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’चा अर्ज भरावा की नाही, यावर आमच्या खोलीत आठवडाभर खल चालला आहे. २०१२ पासून भरणारी ही २१ किलोमीटरची शर्यत. वाटेत यवतेश्वरचा घाट. आमचा गंगापूर तालुका गोदाकाठचा, सपाट. पायांना चढ ठाऊकच नाही! मित्र म्हणतो, “दमलास तर चाल की!” पण मला भीती चढाची नाही, उताराची आहे. उतरताना पावलागणिक साऱ्या अंगाचा भार मांडीच्या स्नायूंना अडवून धरावा लागतो. सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. शिवाय प्रवेशशुल्क घरून मागायचे, आणि यंदा कपाशी पावसात गेलेली. माझे मत असे, की यंदा अर्ज नको. आधी वर्षभर रविवारी दौलताबादचा घाट चढू, उतरू. मित्र रागावला आहे. त्याने स्वतःचा अर्ज भरलासुद्धा.