चाचणी आवृत्तीचे पहिले परीक्षक

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राऊझर घडविण्याची स्पर्धा जाहीर केली होती. तिचा निकाल २० मार्च २०२५ रोजी लागला. १ कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक झोहो कंपनीला, ७५ लाखांचे दुसरे ‘पिंग’ या संघाला आणि ५० लाखांचे तिसरे ‘अजना’ या संघाला मिळाले. स्वदेशीच्या अभिमानाने या निकालाचे स्वागत झाले व ते स्वाभाविकही होते. तथापि ब्राऊझरचे भवितव्य पारितोषिकांनी ठरत नाही. त्याची चाचणी आवृत्ती प्रथम हाताळणारे जे थोडे लोक असतात, त्यांच्या अभिप्रायांनी ते पुष्कळ अंशी ठरते. हे लोक कोण असतात, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही.

गूगल कंपनीने क्रोमची चाचणी आवृत्ती २ सप्टेंबर २००८ रोजी प्रसृत केली तेव्हाचे उदाहरण बोलके आहे. ती केवळ विंडोजवर चालत असे. पहिल्या वापरकर्त्यांनी तिच्या वेगाची आणि सडसडीत रूपाची वाखाणणी केली. एक पान कोलमडले तरी उघडलेली बाकीची पाने शाबूत राहतात, हेही त्यांना भावले. मॅकिंटॉश आणि लिनक्स वापरणाऱ्यांनी आपल्याला वगळल्याबद्दल कुरकूर केली. पूरक जोडण्यांची सोय नाही म्हणून फायरफॉक्सचे चाहते नाराज झाले. परंतु सर्वांत महत्त्वाचा आक्षेप निघाला तो परवान्याच्या कराराचा अकरावा परिच्छेद ज्यांनी वाचला, त्यांच्याकडून. ब्राऊझरमधून वापरकर्ता जे काही प्रसिद्ध करील, त्याच्या वापराचा कायमचा हक्क कंपनीला देणारी भाषा तेथे होती. ओरड होताच, हा मजकूर आपल्या अन्य सेवांच्या करारातून आला असल्याचे सांगून कंपनीने तो तातडीने बदलला. ११ डिसेंबर २००८ रोजी क्रोमवरची ‘चाचणी’ ही पाटी उतरली.

चाचणी आवृत्ती फुकट मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती बरोबर नाही. वापरणारा आपला वेळ आणि आपली तक्रार या रूपाने तिची किंमत मोजत असतो आणि त्या मोबदल्यात वस्तूच्या घडणीत त्याला वाटा मिळतो. जो तक्रार करीत नाही त्याचे पैसे वाचत नाहीत. त्याला दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा मिळतो, एवढेच. दोष कोणीतरी कळवीलच, आपण कशाला खटपट करा, ही आयत्या बिळावर नागोबा होण्याची वृत्ती सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीत सर्वत्र आढळते. मराठी वापरकर्त्याला तिचा फटका अधिक बसला, कारण त्याच्या वतीने तक्रार करणारे मुळातच मोजके होते.

बऱ्हाणपूर, वऱ्हाड किंवा भुसावळ तालुक्यातील कुऱ्हे हे शब्द घ्या. यांतला अर्धा ‘र’ मराठीला अत्यावश्यक आहे. हिंदीत त्याची गरज पडत नाही. संगणकाच्या युनिकोड या सांकेतिक व्यवस्थेत तो दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण एका रीतीने टंकलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास सापडेलच याची खात्री नसते. एका रीतीत एक अदृश्य जोडचिन्ह असते. ते वाटेत गळाले, की ‘बऱ्हाणपूर’चे ‘बर्हाणपूर’ होते. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. जुन्या फाँटांत त्याच्या जागी नुसती चौकट दिसे. फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी दोन्ही कडा सरळ केलेल्या देवनागरी मजकुराची जोडाक्षरे फुटत असत. त्याच काळात अनेक भारतीय वृत्तपत्रांचे स्वतःचे फाँट केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उमटत. एखाद्या नव्या ब्राऊझरच्या वेगाचे कौतुक करणाऱ्या परीक्षकाला यांपैकी काहीही खुपत नसे, कारण तो मराठी पान उघडतच नव्हता. (ब्राऊझरला ‘न्याहाळक’ असा एक चांगला मराठी शब्द सुचविला गेला, तो न रुळण्यामागेही हेच कारण असावे, असे मला वाटते.)

आता भारतीय ब्राऊझरच्या मूळ हेतूकडे वळू. कोणत्या संस्थेने दिलेले सुरक्षिततेचे प्रमाणपत्र ग्राह्य मानावे, याची एक यादी प्रत्येक ब्राऊझरजवळ असते. भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र या यादीत असावे आणि ब्राऊझरमध्येच कागदपत्रांवर डिजिटल स्वाक्षरी करता यावी, अशी स्पर्धेची अपेक्षा होती. अपेक्षा रास्त आहे. मात्र एक घटना विसरून चालणार नाही. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले, आणि परदेशी कंपन्यांनी ती रद्द ठरविली. दोष घरचा होता आणि तो बाहेरच्यांनी पकडला. आपल्याच यादीवर आपलीच देखरेख राहणार असेल, तर चाचणीचे परीक्षक अधिक चिकित्सक असावयास हवेत.

दक्षिण कोरियाचा अनुभवही नजरेआड करू नये. त्या देशाने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस स्वतःची कूटलेखन पद्धती निर्माण केली, पण ती चालविण्यासाठी लागणारी जोडणी इंटरनेट एक्सप्लोररशीच बांधली गेली. बँकेचा साधा व्यवहार करणाऱ्या कोरियन नागरिकाला वर्षानुवर्षे दुसरा ब्राऊझर वापरता आला नाही. अधिकृत प्रमाणपत्रांची ती सक्ती डिसेंबर २०२० मध्ये संपुष्टात आली. आपल्याकडेही ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे’ अशी तळटीप सरकारी संकेतस्थळांवर दिमाखाने झळकत असे. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या ब्राऊझरचा आधारच काढून घेतला. उद्या या तळटिपेत स्वदेशी नाव आले म्हणून कारकुनाची अडचण कमी होईल, असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून कोणताही ब्राऊझर सरकारी कचेऱ्यांत सक्तीचा करण्यापूर्वी त्याची चाचणी आवृत्ती धुळे, जळगाव, नंदुरबार अशा जिल्ह्यांतील तहसील कचेऱ्या, शाळा आणि महाविद्यालये यांच्याकडे किमान सहा महिने द्यावी. वेतनाची देयके भरणारा लिपिक, साक्री-शिरपूरच्या खेड्यांतून येऊन शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुले, सातबारा काढून देणारा सेवा केंद्रचालक यांनी आपले रोजचे काम त्यात करून पाहावे. दोष कळविण्याची सोय मराठीत असावी. आज बहुतेक ठिकाणी ती इंग्रजीतच असते आणि तेथेच आपला माणूस गप्प बसतो. आलेल्या तक्रारी व त्यांवरील उत्तरे जाहीर व्हावीत. आणि सक्ती करावयाचीच असेल, तर ती संकेतस्थळे बांधणाऱ्यांवर करावी: त्यांची पाने कोणत्याही ब्राऊझरमध्ये उघडलीच पाहिजेत, आणि त्यांतले ‘बऱ्हाणपूर’ कोणत्याही रीतीने टंकले तरी सापडले पाहिजे.