साथीचा रोग आणि खेड्यांतील विद्यार्थ्यांची हजेरी

साथ आली म्हणजे सरकारला कायद्याची आठवण तत्काळ होते. खेड्यांतील विद्यार्थ्याची मात्र होत नाहीं. प्लेगच्या दिवसांत, १८९७ सालीं, साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्च २०२० मध्यें कोरोना आला तेव्हां तोच कायदा महाराष्ट्रांत पुन्हां लागू करण्यांत आला. कॉलेजें बंद करणें त्या वेळीं अवश्यच होतें, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती पुढच्या व्यवस्थेबद्दल.

कॉलेजें बंद होतांच शिक्षण मोबाइलवर गेलें. शहरांतील सुखवस्तु मुलास तें साधलें. पण महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाड्यांचें काय? डोंगरांच्या बेचक्यांत वसलेल्या वाडींतील मुलास रेंजसाठीं माळावर जाऊन उभें राहावें लागे. घरांत मोबाइल एक, शिकणारीं भावंडें तीन! ही अतिशयोक्ति नव्हे. सरकारच्याच २०१७-१८ च्या पाहणींत देशांतील ग्रामीण कुटुंबांपैकीं शेंकडा ४.४ कुटुंबांकडे संगणक व शेंकडा १४.९ कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. त्यांत ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आलें आणि विजेचे खांब आडवे झाले. जेथें दिवा नाहीं तेथें ऑनलाइन तास कसला? जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या पुरानें महाड बुडालें व तळीये येथें दरडीखालीं ऐंशींहून अधिक माणसें गेलीं.

या काळांत परीक्षेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला. परीक्षेवांचून पदवी नाहीं, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजीं झाला आणि मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबरांत ऑनलाइन झाल्या. परीक्षा दिल्लीपर्यंत गाजली; शिकवणें मात्र कोणत्या वाडीपर्यंत पोंचलें, हें कोणी मोजलें? पुढें २० ऑक्टोबर २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठीं कॉलेजें उघडलीं, तोंच एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला व तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कॉलेजचें दार उघडें, पण दारापर्यंत नेणारी गाडी बंद!

कोणी म्हणतील, नियम सर्वांस सारखाच होता. आम्ही विचारतों, ज्याच्या वाटेंत डोंगर आहे आणि ज्याच्या वाटेंत नाहीं, त्या दोघांस एकाच घड्याळानें मोजणें हा न्याय कीं न्यायाचें सोंग? चवदार तळें महाड नगरपालिकेच्या ठरावानें १९२४ सालींच सर्वांस खुलें झालें होतें. तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांस हजारों लोकांसह चालत जावें लागलें. कागदावर खुलें असणें आणि खरोखर खुलें असणें यांतील अंतर महाडकरांस कोणी शिकवावयास नको.

म्हणून विद्यापीठानें व सरकारनें पुढची साथ येण्यापूर्वींच व्यवस्था ठरवून ठेवावी. ऑनलाइन तासाची हजेरी सक्तीची नसावी. छापील पाठ टपालानें गांवोगांव पोंचवावे. रोगाचा जोर ओसरतांच जिल्हा परिषदेच्या शाळेंत किंवा ग्रामपंचायतीच्या जागेंत दहापांच मुलांस अंतर राखून बसवावें व गांवांतीलच पदवीधरांस मानधन देऊन त्यांच्याकडून शिकवून घ्यावें. परीक्षा कागदावर देण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणीं असावी. यास लागणारा खर्च फार नाहीं. आणि असला तरी तो कोणाच्या पैशानें व्हावयाचा? सरकारचा खजिना शेतकऱ्याच्या घामानें भरतो व विद्येचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतो, हें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट मांडलें होतें.

सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. साथींत गरिबापासून दूर न जातां त्याच्याकडे गेलें पाहिजे, हा त्यांचा धडा आहे. १८९७ चा कायदा सरकारच्या ध्यानांत राहिला. त्याच सालचा हा धडाही राहावा. तोंपर्यंत पालकांनीं स्वस्थ बसूं नये. आपल्या गांवांतील कोणत्या मुलाचें व मुलीचें शिक्षण त्या दोन वर्षांत तुटलें, याची यादी ग्रामसभेनें करावी आणि ती विद्यापीठाकडे पाठवावी. हजेरी आमच्या मुलांचीच कां घ्यावी? विद्यापीठाचीही एकदां घेतली पाहिजे.