शिट्टी का रुसली?

कुकर गॅसवर चढवून वीस मिनिटं झाली, तरी शिट्टीचा पत्ता नाही! डाळ कच्ची, शाळेची वेळ झालेली आणि घरात सगळ्यांची चिडचिड. अशा वेळी कुकरला नावं ठेवण्यापेक्षा थोडी हेरगिरी करूया का?

आधी शिट्टी होते कशी, ते बघू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. गॅस कितीही मोठा करा, ते त्याहून तापत नाही. कुकरमध्ये मात्र वाफ कोंडली जाते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून तर डाळ झटपट शिजते. दाब एवढा वाढला, की वाफ नळीवरचं वजन उचलते आणि सूंऽऽ करून बाहेर पडते. तीच शिट्टी! डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असंच बंद भांडं करून दाखवलं होतं. त्यात हाडंसुद्धा मऊ होत.

म्हणजे शिट्टी होत नसेल, तर बहुधा वाफ दुसऱ्याच वाटेने पळतेय. कुठून, ते तीच सांगते. लांबूनच बघा बरं का, हात लावायचा नाही!

झाकणाच्या कडेने वाफ आणि पाण्याचे थेंब येतायत? मग चोर आहे रबर. रोजच्या उष्णतेने ते कडक होतं, सैल पडतं, त्याला चिरा जातात. कधी नुसतं भाताचं शीत अडकलेलं असतं. कडा पुसा, तरी जमेना तर रबर नवं आणा.

शिट्टीखालून सारखी वाफ फुरफुरतेय? ती नीट बसली नसेल किंवा तिच्यात डाळीचा कण अडकला असेल.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ येतेय? मग गॅस लगेच बंद. या व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणारा धातू असतो. पाणी संपलं किंवा नळी तुंबली आणि कुकर फार तापला, की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. मुद्दामच कच्चा ठेवलेला दुवा आहे तो! काही जण तिथे खिळा ठोकतात, नाहीतर लांबी भरतात. असलं काही कधीही करू द्यायचं नाही. तिथे त्याच कुकरचा नवा व्हॉल्व्हच हवा.

आणि वाफ कुठूनच येत नसेल तर? गॅस फार बारीक असेल, पण नळी तुंबलेलीही असू शकते. हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट! कारण दाब कमी झालेला नाही, तो आत साठतोय. हिशेब करा: झाकण २० सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याचं क्षेत्रफळ होतं ३१४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा जादा दाब धरला, तर झाकणावर तीनशे किलोंहून जास्त भार! म्हणून गॅस बंद करायचा आणि कुकर पुरता गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शिट्टी उचलून वाफ आली नाही म्हणजे दाब गेला, असं इथे समजायचं नाही. नळीच बंद असेल तर वाफ येणार कुठून?

यावर उपाय मात्र एका सेकंदाचा आहे. कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून बघायचं. पलीकडचा उजेड दिसला, की वाट मोकळी. डाळ फेसाळते, म्हणून ती थेट कुकरात शिजवताना कुकर अर्ध्याहून जास्त भरायचा नाही.

आज रात्री कुकर लागण्यापूर्वी मोठ्यांना विचारून हे उजेडाचं काम तुम्ही अंगावर घ्या. आणि रबर शेवटचं कधी बदललं, तेही विचारून ठेवा. बघूया, किती घरांत उत्तर मिळतं!