बियाणे, भाव आणि सी. सुब्रमण्यम

चिदंबरम सुब्रमण्यम १९९० मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, तेव्हा त्यांची ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. राज्यपालपदाबरोबर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे कुलपतिपद त्यांच्याकडे आले. देशातील कृषी संशोधनाची घडी बदलणाऱ्या मंत्र्याच्या बाबतीत हा योग फार समर्पक होता. कृषी विस्तारात काम करणाऱ्यांनी मात्र त्यांची कारकीर्द राजभवनाच्या आधीपासून वाचायला हवी.

कोइमतूर जिल्ह्यातील पोल्लाचीजवळच्या शेतकरी कुटुंबात १९१० साली त्यांचा जन्म झाला. वकिली, स्वातंत्र्यलढा, संविधान सभेचे सदस्यत्व आणि १९५२ पासून दहा वर्षे मद्रास राज्याचे मंत्रिपद, अशी त्यांची वाटचाल होती. १९६२ मध्ये ते लोकसभेवर गेले आणि पोलाद खात्याचे मंत्री झाले. जून १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्यांना अन्न व कृषी खाते दिले. त्या काळी हे खाते कोणी आनंदाने घेत नसे. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाची जहाजे वेळेवर लागली, तरच शिधावाटप सुरळीत चाले.

सुब्रमण्यम यांची भूमिका सुरुवातीपासून स्पष्ट होती. शेतकऱ्याला परवडेल असा भाव मिळत नसेल, तर तो खतावर आणि नव्या बियाण्यावर पैसा घालणार नाही. म्हणून बियाण्याच्या आधी त्यांनी भावाची व्यवस्था लावली. जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ या दोन्ही संस्था उभ्या राहिल्या. आयोगाचे पहिले अध्यक्ष मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ प्रा. एम. एल. दांतवाला होते. त्याच वर्षी भारतीय कृषी संशोधन परिषदेची सूत्रे प्रथमच एका शास्त्रज्ञाकडे, डॉ. बी. पी. पाल यांच्याकडे आली.

यानंतरचा निर्णय सर्वांत धाडसाचा होता. १९६६ मध्ये मेक्सिकोहून लर्मा रोहो आणि सोनोरा या बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे मागवण्यात आले. परकीय चलनाची चणचण असताना हा खर्च कशासाठी, असा प्रश्न विचारला गेला. खत-बियाण्यांवर भर देणाऱ्या या धोरणाला अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा आधीपासून विरोध होता. डाव्या पक्षांना त्यात परावलंबन दिसत होते. सुब्रमण्यम यांनी वाद घालत बसण्यापेक्षा दिल्लीतील आपल्या सरकारी बंगल्याची हिरवळ नांगरून तिथे गहू पेरला. कृषिशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांच्या आग्रहानुसार प्रात्यक्षिके संशोधन केंद्राच्या आवाराबाहेर, शेतकऱ्यांच्याच रानात घेण्यात आली. शेजारच्या बांधावरून पीक पाहणाऱ्याची खात्री कोणत्याही पुस्तिकेपेक्षा लवकर पटते, हे आजही प्रत्येक कृषी सहायकाला ठाऊक आहे. अन्न व कृषी खात्यात उपमंत्री म्हणून अण्णासाहेब शिंदे यांच्यासारखा नगर जिल्ह्यातील शेतीचा जाणकार सोबत होता. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेले.

हे पीक घरात आले तेव्हा सुब्रमण्यम मंत्री नव्हते; १९६७ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले होते. त्याआधी, १९६५ मध्ये हिंदीच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता आणि नंतर तो मागे घेतला होता.

भाव आणि बियाण्याच्या या धोरणाची मर्यादाही मोठी होती. हमी पाण्याच्या प्रदेशात भाव, बियाणे आणि सरकारी खरेदी ही तिन्ही अंगे एकत्र आली. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात संकरित ज्वारी पोहोचली, पण गव्हासारखी भरवशाची खरेदी कधी रुजली नाही. तूर आणि सोयाबीनच्या बाबतीत ती उणीव अजून जाणवते. पंजाबातील भूजलाचा उपसा आणि खतांचा अतिवापर हाही याच वाटेवरचा परिणाम आहे. परंतु त्याचा दोष एकट्या १९६६ च्या निर्णयावर टाकणे अन्यायाचे ठरेल. नंतरच्या सरकारांनी वीज, पाणी आणि पीकपद्धती यांचा मेळ घातला नाही.

पुढे सुब्रमण्यम अर्थमंत्री असताना, १९७५ मध्ये, प्रादेशिक ग्रामीण बँका सुरू झाल्या. १९७९ मध्ये चरणसिंग यांच्या मंत्रिमंडळात ते काही महिने संरक्षणमंत्री होते. महाराष्ट्राचे राज्यपालपद त्यांनी जानेवारी १९९३ मध्ये सोडले. पंतप्रधान नरसिंह राव यांच्या कार्यपद्धतीवर खासगीत केलेली टीका वृत्तपत्रांत आली, हे त्याचे कारण होते. १९९८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, वयाच्या नव्वदीत, छोट्या शेतकऱ्यांपर्यंत सुधारित शेतीतंत्र नेण्यासाठी त्यांनी चेन्नईत नॅशनल अॅग्रो फाउंडेशन स्थापन केले होते.