हरून कोणी उभा राहतो का?

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एक विचित्र शहाणपण गेली चाळीस वर्षे मूळ धरून आहे. संघ मोडकळीला आला असेल तर मधल्या क्रमांकावर धडपडत बसू नये. सरळ तळ गाठावा! कारण एनबीएत दरवर्षी नव्या खेळाडूंची जी निवड होते, म्हणजे ड्राफ्ट, तीत दुबळ्यांना आधी हात घालता यावा अशी व्यवस्था आहे. हेतू चांगलाच. पण जिथे नापासाला बक्षीस, तिथे कोरी उत्तरपत्रिका देणारे निघणारच.

1983-84 च्या हंगामात ह्यूस्टन रॉकेट्स जाणूनबुजून हरले, असा बोभाटा झाला. त्यांना हकीम ओलाजुवान मिळाला आणि पुढे 1994 व 1995 मध्ये त्याने विजेतेपदेही मिळवून दिली. त्या बोभाट्यानंतर 1985 पासून सोडत आली. म्हणजे हरून मिळत होता खेळाडू, तो आता मिळेना. मिळू लागले ते नुसते तिकीट. 1997 मध्ये टिम डंकनसाठी सर्वांत मोठी आशा बोस्टनला होती. 82 पैकी 15 सामने जिंकलेल्या त्या संघाला डंकन मिळाला नाहीच. तो गेला सॅन अँटोनियोला, जिथे डेव्हिड रॉबिन्सनसारखा आधारस्तंभ आधीच होता.

या धोरणाचा खरा प्रयोग फिलाडेल्फियात झाला. 2013 मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या सॅम हिंकी यांनी कामाचे खेळाडू विकून भविष्यातल्या निवडी साठवल्या. इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे: मैदानावरचा खेळाडू मुद्दाम हरत नसतो, त्याचे पुढचे कंत्राट त्याच्या खेळावर ठरते. हरवतो तो कार्यालयात बसलेला माणूस. तीन हंगामांत विजय किती? 19, 18 आणि 10! हिंकी 2016 मध्ये राजीनामा देऊन गेले. हाती आलेला जोएल एम्बीड 2023 मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तळाशी राहून मिळवलेले ओकाफोर आणि सिमन्स संघात टिकले नाहीत, आणि 2018 ते 2024 या सात वर्षांत बाद फेरीचा दुसरा टप्पा संघाला एकदाही ओलांडता आला नाही.

समर्थक लगेच ओक्लाहोमा सिटीकडे बोट दाखवतात. दोन हंगाम हरले आणि 2025 मध्ये विजेते झाले. खरे आहे. पण त्यांचा नायक शे गिल्जस-अलेक्झांडर 2019 च्या अदलाबदलीत आला होता, पराभवाच्या पुण्याईने नव्हे. डेन्व्हरचा निकोला योकिच तर 2014 च्या ड्राफ्टमध्ये 41 वा होता. पारख नसेल तर पहिला क्रमांक लागून तरी काय उपयोग? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

डेट्रॉइटचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 2021 मध्ये त्यांना पहिला क्रमांक लागला, केड कनिंगहॅम आला. तरी संघ तळातच. 2023-24 मध्ये सलग 28 पराभव, एकूण विजय 14, आणि सोडतीत पाचवा क्रमांक! पुढल्या वर्षी नवा प्रशिक्षक व चार मुरलेले खेळाडू आणले, तेव्हा विजय झाले 44.

आणि प्रेक्षकांचे काय? एप्रिल 2023 मध्ये डॅलसने घरच्या मैदानावर शिकागोविरुद्ध प्रमुख खेळाडू बाहेर ठेवले. बाद फेरीची आशा जिवंत असताना! त्यांना 7 लाख 50 हजार डॉलर दंड झाला. निवड हातची गेली नाही, तिच्या बदल्यात डेरेक लाइव्हली आला, आणि 2024 मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला. मालकाला दंड स्वस्तच पडला म्हणायचा. त्या संध्याकाळी पोराबाळांना घेऊन तिकीट काढून आलेल्यांना मात्र त्यातला एक डॉलरही परत मिळाला नाही.